मा कोकुहिर्वाचं इंग्रजी

"गुरुजी, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल," डॉक्टर रुगेमालिरा म्हणाला. "बाईंना दुभाष्या लागत नाही."

"लागतो," मी म्हणालो.

"त्यांच्या फायलीत प्रमाणपत्र आहे." त्याने फाइल उघडून एक कागद माझ्याकडे फिरवला. "'इंग्रजी अस्खलित बोलतात. शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर.' खालची सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. चांगली वळणदार आली होती. त्या दिवशी माझी तब्येत खुशीत असावी.

मी काही बाहेर गेलो नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला, तेही स्वतःच्या जुन्या मास्तराला, दंडाला धरून बाहेर काढणं आमच्याकडे बरं दिसत नाही, आणि मी त्याचा फायदा घेतला. शेवटी भिंतीकडेची एक खुर्ची मला मिळाली आणि सेक्रेटरी ब्याबातोने इतिवृत्तात 'एक निरीक्षक' असं लिहून घेतलं.

लांब टेबलाच्या एका बाजूला समितीचे पाच जण होते. दुसऱ्या बाजूला एकटी मा कोकुहिर्वा. 'मा' आम्ही कुठल्याही पोक्त बाईला म्हणतो. ही त्रेपन्न वर्षांची, सरोवराच्या काठावरच्या आमच्या मिशन हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं आयाबाई. रोग्यांना अंघोळ घालायची, कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, भांडं न्यायचं. आज तिने निळा गणवेश कडक इस्त्री करून घातला होता आणि हात टेबलावर ठेवले होते, परीक्षेला बसल्यासारखे. तिच्या हातून एक परदेशी म्हातारा पडला आणि त्यातच पुढे वारला का, एवढंच समितीला ठरवायचं होतं. 'हो' ठरलं तर तिची नोकरी जाणार होती, आणि नोकरीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे नाव जाणार होतं. सत्तावीस वर्षांत तिच्या हातून रोगीच काय, कपबशी पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आता त्या प्रमाणपत्राबद्दल सांगितलं पाहिजे.

आम्ही बुकोबाचे हाया लोक इंग्रजीचे भारी शौकीन. देशभर आमच्यावर विनोद आहेत. हाया माणूस विहिरीत पडला तर आधी इंग्रजीत मदत मागतो, कुणी आलं नाही तरच स्वाहिलीत बुडतो, असं दार-एस-सलामवाले म्हणतात. हे साफ खोटं आहे. आम्हाला विहिरी लागत नाहीत, आमच्याकडे सरोवर आहे.

तर अशा गावात मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून कॉफी सोसायटीच्या गोदामामागे मंगळवारी आणि शुक्रवारी मोठ्या माणसांचा वर्ग सुरू केला. बोटीच्या तिकिटांचा कारकून यायचा, बँकेचा शिपाई यायचा, एक फुटबॉलचा पंच यायचा. त्याला खेळाडूंच्या शिव्या कळाव्यात एवढीच इच्छा होती. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलला मदत देणाऱ्या परदेशी संस्थेने नियम काढला, की खाजगी खोल्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे इंग्रजीचं प्रमाणपत्र हवं. नसेल तर धुलाईघर. आणि मा कोकुहिर्वा वही घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, चादरी धुवायला माझी ना नाही," ती म्हणाली. "पण चादर बोलत नाही हो. दिवसभर कुणाशी बोलू?"

दोन वर्षं ती एकदाही चुकली नाही. तिचं इंग्रजी मात्र डोक्यात न जाता हातात जायचं. दुखणं, उशी, गरम, गार, वळा, झालं हं झालं, हे शब्द तिला एकदा सांगितले की पाठ. काळ, लिंग, वचन यांच्याशी तिचं वैर होतं. परीक्षेत 'माझं काम' या विषयावर तिने तीन वाक्यं लिहिली. मराठीत सांगायचं तर साधारण अशी: "मी माणसं धुते आहे. त्यांना आवडते नाही आहे. मी धुते आहे."

तिला एकतीस मार्क पडले. पास व्हायला चाळीस लागत होते. मी ती तीन वाक्यं पुन्हा वाचली, मग पेनची शाई तपासली आणि अठ्ठ्याहत्तर लिहिले. 'अस्खलित' हा शब्द मोकळ्या जागेत बसत होता, म्हणून तोही लिहिला. ते प्रमाणपत्र तिने काचेत घालून घरी लावलं, एका बाजूला लग्नाचा फोटो, दुसऱ्या बाजूला येशू. नवरा वारल्यापासून त्या भिंतीवर नवीन काही लागलं नव्हतं. फायलीत होती ती नक्कल.

म्हाताऱ्याचं नाव हेन्रिक्सन. वय चौऱ्याहत्तर. त्याच्या गावच्या चर्चने आमच्याकडे एक शाळा बांधून दिली होती, ती बघायला तो डेन्मार्कहून आला आणि मलेरियाने खाजगी खोलीत येऊन पडला. त्या खोलीच्या न्हाणीघरातला टाकीचा पाइप गळायचा. वॉर्डाच्या वहीत सिस्टरने चार वेळा लिहून ठेवलं होतं. वही नेमाने वर जायची आणि नेमाने खाली यायची. मा कोकुहिर्वाने तिथे गोणपाट टाकलं होतं आणि तासातासाने ती फरशी पुसायची. त्या दुपारी ती शेजारच्या खोलीत एका बाईला कुशीवर वळवत होती, तेवढ्यात म्हातारा हाक न मारता उठला. धप्प आवाज ऐकून ती धावली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "सॉरी, बाबा. सॉरी. सॉरी, सॉरी."

खुबा मोडला होता. विमानाने त्याला म्वान्झाच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आठव्या दिवशी तिथे न्यूमोनियाने तो गेला. जाण्याआधी त्याने मुलीला पत्र लिहिलं होतं: 'मी पडलो तेव्हा इथली एक बाई धावत आली, माझं डोकं मांडीवर घेऊन सॉरी सॉरी म्हणत राहिली.' बिचाऱ्याने कौतुकाने लिहिलं असणार. मुलीने ते पत्र संस्थेकडे पाठवलं, नेमकं काय झालं एवढंच विचारायला. संस्थेने हॉस्पिटलकडे चौदा प्रश्नांचा छापील फॉर्म पाठवला आणि चौकशी इंग्रजीत करावी असं कळवलं, कारण त्यांना वाचायचं होतं.

"बाई पडल्या पडल्या सॉरी म्हणाल्या हे खरं?" रुगेमालिराने विचारलं. तो समितीचा अध्यक्ष, शिवाय माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी घरात कबूल करतो.

"बाबा पडलं, सर. मी नाही पडलं," मा कोकुहिर्वा इंग्रजीत म्हणाली.

"तुम्ही सॉरी म्हणालात का?"

"हो सर. मी धावलं. मी डोकं घेतलं. मी सॉरी म्हणालं." मग माझ्याकडे बघून ती पुढे म्हणाली, "पुष्कळ सॉरी म्हणालं."

तिला वाटलं, वाक्य पूर्ण केल्याबद्दल मला बरं वाटेल.

"किती वेळा?"

"मोजलं नाही, सर. जितकं त्याला दुखलं तितकं."

ब्याबातोने लिहून घेतलं: 'अनेक वेळा.'

मी घसा खाकरला. रुगेमालिराने माझ्याकडे पाहिलं नाही. मी पुन्हा खाकरलो, तेव्हा त्याने घड्याळ बघून पंधरा मिनिटांचा चहा जाहीर केला.

चहाबरोबर इंग्रजी संपलं. ब्याबातोने उकडलेल्या शेंगांची थाळी फिरवली, कुणाच्या तरी मेहुण्याच्या बोटीचा विषय निघाला आणि सगळे माणसांसारखे बोलू लागले. मा कोकुहिर्वा कप घ्यायला उठली आणि तिचा गुडघा टेबलाच्या पायावर आपटला. चांगला आवाज झाला.

"पोले, मा," पाचही जण एका सुरात म्हणाले.

"पोले सना, मा, जपून," रुगेमालिरा उठून म्हणाला आणि त्याने तिला खुर्ची पुढे केली.

पोले. हा शब्द आमच्याकडे पोरं दात येण्याआधी शिकतात. कुणाला ठेच लागली, पोले. कुणी उन्हात कुदळ मारतंय, जाता जाता पोले. लांबचा प्रवास करून आलात, पोले. गाय मेली, नापास झालात, मच्छर चावला, पोले. म्हणणाऱ्याने काही केलेलं नसतं. तुमचं दुखणं मला दिसलं, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या डोळ्यांदेखत पाच सुशिक्षित माणसं टेबलाच्या पायाबद्दल पोले म्हणाली होती, आणि टेबल त्यांच्यापैकी कुणीही तिथे ठेवलेलं नव्हतं. इतिवृत्तात त्याची नोंद झाली नाही.

मी रुगेमालिराला व्हरांड्यात गाठलं.

"अरे, तू आत्ता तिला काय म्हणालास?"

"ऐकलंत ना तुम्ही."

"मग तीही तेच म्हणाली त्या म्हाताऱ्याला. तेवढंच."

"गुरुजी, मला काय ते कळत नाही?" तो आमच्या हाया बोलीत म्हणाला. आवाज दमलेला होता. "इथे सगळ्यांनाच कळतंय. स्वयंपाक्यालासुद्धा. पण फॉर्मवर पोलेची जागा नाही. सॉरीची आहे."

"पाइपची आहे का?"

"आहे. प्रश्न सहावा. पाइपचं लिहिलं तर पुढच्या वर्षीची मदत गेली, म्हणजे मुलांचा वॉर्ड बंद. चाळीस खाटा आहेत, गुरुजी. 'मा'चं लिहिलं तर..." त्याने शेंगेचं साल कठड्यावरून खाली टाकलं. "तर एक मा."

मी त्याला शाळेत नीटनेटकी वाक्यं करायला शिकवलं होतं. त्याने विद्या वाया घालवली नव्हती.

"ते प्रमाणपत्र खोटं आहे म्हणून सांगतो मी," मी म्हणालो. "तिला एकतीस मार्क होते. तिला इंग्रजी येत नाही. तिचा शब्द धरू नका."

"सांगा की. मग इंग्रजी येत नसताना खाजगी खोल्यांवर इतके दिवस काम केलं म्हणून आजच घरी जाईल. शिवाय लबाडीने." तो हसला नाही. "काय ते ठरवा आणि आत या."

मी आत आलो. काय ठरवलं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिच्या घरची ती भिंत डोळ्यांसमोर आली, हे खरं. आणि गावात मास्तर खोट्या सह्या करतो असं होईल, हेही त्याच वेळी मनात आलं, हेही खरं. दोन्हींतलं कुठलं आधी आलं हे मी स्वतःला विचारत नाही.

मी उठून उभा राहिलो आणि दोन मिनिटं बोलायची परवानगी मागितली. जुना मास्तर म्हणून ती मिळाली. मी इंग्रजीत सुरुवात केली. पोले म्हणजे माफी नव्हे, म्हणालो. सहानुभूती म्हणावं तर ती वरून खाली येते, पोले शेजारून येतं. दया नव्हे. दुःख नव्हे. सांत्वन तर मुळीच नव्हे, कारण त्याने काही बरं व्हावं अशी अपेक्षाच नसते. ते काय नव्हे हे मी बराच वेळ सांगितलं. चौतीस वर्षं ज्या भाषेवर पोट भरलं, ती भाषा त्या टेबलाभोवती मला एक शब्द उसना देईना. पाचही जण मान हलवत होते, कारण सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. मी खाली बसलो. मागाहून इतिवृत्त पाहिलं. त्यात होतं: 'निरीक्षकांनी स्थानिक संस्कृतीविषयी दोन शब्द सांगितले.'

मग जबाब टाइप होऊन आला. रुगेमालिरा म्हणाला, वाचून सही करा. तिला सही करून मोकळं होता आलं असतं. पण अस्खलित इंग्रजी येणाऱ्या बाईने जबाब वाचायला नको? ती एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचू लागली. ओठ हलत होते. पाच जण थांबले. एकाने घड्याळाला किल्ली दिली. पहिलं पान संपायला वीस मिनिटं लागली, आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट अडलं.

"गुरुजी," ती वर्गात विचारायची तसं म्हणाली, "हा शब्द आपण केला नव्हता."

मी उठून तिच्या खांद्यावरून वाचलं. कुणी मला अडवलं नाही.

"क्षमायाचना केली, असं आहे ते," मी म्हणालो. "तुम्ही त्या बाबांची माफी मागितली, असं."

"मी कुठे माफी मागितली? मी सॉरी म्हणाले."

"इंग्रजीत ते एकच होतं, मा."

"कोण म्हणतं?"

आता कोण म्हणतं? पहिल्याच महिन्यात, दुसऱ्या की तिसऱ्या मंगळवारी, फळ्यावर डावीकडे पोले आणि उजवीकडे सॉरी, मध्ये दोन समांतर रेघा. तिने वहीत उतरवून घेतलं होतं आणि खाली पट्टीने रेघ मारली होती.

"मीच म्हणालो होतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. माझ्याच चुलीवर ठेवलेलं भांडं करपलंय आणि मला अजून वास आलेला नाही, अशा नजरेने. मग ती हळूच म्हणाली, "असू द्या, गुरुजी. शब्द पुष्कळ असतात. एखादा चुकतो."

"बाई, हा शब्द काढूया," रुगेमालिरा म्हणाला. मला वाटतं त्याला खरंच काढायचा होता. तोही काही दगड नव्हे. "फक्त प्रश्न अकरावा शिल्लक आहे. त्याचं उत्तर द्या, बाकीचं मी बघतो." त्याने फॉर्म तिच्यापुढे सरकवला आणि सावकाश वाचलं. "घडल्या प्रकाराबद्दल कर्मचारी सॉरी आहे का? होय, नाही. 'नाही'वर खूण करा. सॉरी नाही, म्हणजे चूक नाही, म्हणजे क्षमायाचना नाही. मग मला काहीतरी मांडता येईल."

तिने फॉर्मवर बोट ठेवलं.

"हे मेलेल्या बाबांबद्दल आहे ना?"

"हो."

"आणि इथे लिहायचं, सॉरी नाही?"

"फक्त खूण करायची, मा," आता तो हाया बोलीत आला. "लिहायचं काही नाही. कागदच आहे तो."

"त्यांची मुलगी वाचणार ना हा कागद?"

"वाचेल कदाचित."

"म्हणजे माझा बाप तिथे पडला, मोडला, मेला, आणि ज्या बाईच्या मांडीवर डोकं होतं ती म्हणते, मला काही नाही त्याचं."

"असं नाही म्हणत त्यात."

"मग कसं म्हणतात? मला इंग्रजीत सांगा, मी म्हणते."

रुगेमालिराने माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मवरच्या छपाईकडे पाहिलं. छपाई उत्तम होती.

"मा," मी म्हणालो, "नाहीवर करा खूण. मी तुमचा गुरू आहे, माझं ऐका. त्या मुलीला मी वेगळं पत्र लिहीन."

"तुम्ही लिहाल हो. पण ते तुमचं इंग्रजी." तिने ब्याबातोकडून पेन घेतलं. "शत्रूच्या घरी मयत झालं तरी आपण दारातून पोले म्हणून येतो. म्हातारा तर माझा रोगी होता."

तिने 'होय'वर खूण केली. चौकोन लहान होता, तिने तो नीट भरला, कुठेही बाहेर जाऊ दिलं नाही. मग सही केली, खाली तारीख घातली आणि पेनला टोपण लावून ते परत दिलं.

तिला कामावरून काढल्याचं पत्र आठवड्याने आलं. खाली स्वाहिलीत भाषांतर होतं, तिला ते लागणार नाही म्हणून बहुधा बारीक अक्षरात. त्या मुलीला मी लिहिलं. चार पानं झाली. उत्तर आलं नाही. पत्ता ब्याबातोने दिला होता आणि मी तो तपासला नव्हता.

बुकोबा लहान गाव. हॉस्पिटलातून काढलेली आयाबाई, परदेशी माणूस मारलेली, असं बाजारात झालं. पोरं ओरडली नाहीत, कुणी दगड मारले नाहीत. तसं आम्ही करत नाही. फक्त कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की लोक पूर्वी आधी तिला बोलवायचे, ते बोलवेनासे झाले. ती आता केळीच्या बागेत काम करते आणि रस्त्याच्या कडेला घड मांडून बसते.

परवाच्या नोव्हेंबरात मला हर्नियाचं ऑपरेशन करून घ्यावं लागलं. त्याच हॉस्पिटलात, पुरुषांच्या साध्या वॉर्डात. खाजगी खोलीत जायला माझ्याकडे प्रमाणपत्र होतं, पैसे नव्हते. तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळात मा कोकुहिर्वा आली. केळीच्या पानात बांधलेली उकडलेली केळी आणि वर मूठभर तळलेले 'सेनेने', म्हणजे आमच्याकडचे टोळ. तेव्हा त्यांचा हंगाम जोरात होता.

"वर्ग बंद का ठेवलाय, गुरुजी?" तिने विचारलं.

"पोटाला टाके आहेत."

"टाके परवा पडले. वर्ग तर मार्चपासून बंद आहे म्हणतात."

मी टोळ खाल्ले. फार सुरेख झाले होते.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा कोळी होता, मांडीपर्यंत प्लास्टर. त्याचं कुणी आलं नव्हतं. तो पाण्याच्या मगकडे हात लांबवत होता आणि मग वीतभर लांब होता. तो कोपरावर उठला, घसरला आणि त्याच्या तोंडून हलका आवाज निघाला.

मा कोकुहिर्वा उठली. म्हणजे तिचं अर्धं अंग उठलं. गुडघे सरळ झाले, खांदा तिकडे वळला, उजवा हात पुढे निघाला. मग तिने दाराकडे पाहिलं. तिथे निळ्या गणवेशातलं कुणी नव्हतं. ती पुन्हा स्टुलावर टेकली, दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली.

म्हातारा पुन्हा कोपरावर उठला.

तिने मान खाली घातली. ओठ घट्ट मिटलेले होते. मी उशाशी लोंबणारं घंटेचं बटण दाबलं आणि कुणी येईपर्यंत दाबूनच ठेवलं.